जुन्या शहरातला पायी फेरफटका: दरवाजे भरपूर, माग मात्र शेवटी

माणशी ४०० रुपये. सकाळी साडेसहाला पाणचक्कीपासून सुरू, दहाच्या पुढेमागे नवाबपुऱ्यात संपतो. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरातल्या शायरांच्या, चित्रकारांच्या, विणकरांच्या वस्त्या पायी दाखवतात, असं जाहिरातीत होतं. पैसे वसूल झाले का, तर झाले. पण जे बघायला गेलो होतो ते सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी मिळालं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हा फेरफटका काढणाऱ्या मंडळींचं नाव देत नाही. नाव दिलं की फक्त तक्रारी फिरतात, चांगलं लिहिलेलं कुणी वाचत नाही.

माझं मत कितपत धरायचं ते तुम्हाला ठरवता यावं म्हणून सांगतो: परभणीत आमचं कापडाचं दुकान आहे, वडलांपासूनचं. साड्या, धोतरजोड्या, आहेराचा माल. इतिहासात मला फारसं कळत नाही. कापडात कळतं. पोरगी इथं शिकायला आहे, बुकिंग तिनंच केलं. बायकोचे गुडघे दुखतात म्हणून ती आली नाही आणि ते बरंच झालं, कारण चालणं चार-पाच किलोमीटरच्या आत नाही आणि मधे टेकायला जागा म्हणाल तर एखादा ओटा, तोही मालकानं हटकेपर्यंत.

पाणचक्कीपाशी सुरुवात झकास झाली. गाईड मुलगी इतिहासात एम. ए. करणारी. माईक नव्हता, पण आवाज असा खणखणीत की मागच्या रांगेतल्या आजोबांनीही एकदा 'काय म्हणाली?' असं विचारलं नाही. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ही चक्की. डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून येतं, भिंतीच्या माथ्यावर चढतं, तिथून हौदात कोसळतं, आणि त्या जोरावर खालचं पातं फिरून वरचं जातं फिरतं. यात्रेकरूंचं आणि फकिरांचं दळण यावर व्हायचं. पाणी उतारानं येतं हे कुणालाही समजतं. ते पुन्हा भिंतीवर कसं चढतं ते तिनं पाण्याची बाटली आणि रबराची नळी पिशवीतून काढून करून दाखवलं. शाळेत मास्तरांनी तीन तासात शिकवलं नसतं ते दोन मिनिटांत झालं. याचे पूर्ण गुण.

तिथूनच नहर-ए-अंबरीचा विषय निघाला. मलिक अंबर मूळचा हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढं निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्यानं १६१० मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवलं आणि डोंगरातलं पाणी जमिनीखालून थेट वस्तीत आणलं. चारशे वर्षांपूर्वी. हे ऐकून आमच्यातल्या सिडकोच्या एक ताई म्हणाल्या, 'आमच्याकडे नळ आठ दिवसांनी येतो.' सगळे हसले, गाईडही हसली, पुढं चला म्हणाली.

मला तिथं एक विचारायचं राहून गेलं. पाणी आलं म्हणून शहरात राजवाडे झाले, बागा झाल्या, हे ती बोलली. पण सूत धुवायला, रंग चढवायला, चढलेला रंग पक्का करायला किती पाणी लागतं हे कापडवाल्याला विचारा. पुढं गुलमंडीच्या बाजूला आम्ही रंगारगल्लीतून गेलो तेव्हा ती 'ही रंगारगल्ली' एवढंच म्हणून वळली. पाणचक्कीवर जे इतकं मन लावून सांगितलं त्याचा धागा इथं जोडला असता तर सकाळचा अर्धा कार्यक्रम आपोआप एक झाला असता. जुन्या शहराचे मोहल्ले बघा: रंगारगल्ली, कुंभारवाडा, कासारी बाजार, सराफा, जोहरीवाडा. धंद्यांची यादीच आहे. आपण मात्र त्यातून दरवाज्यांचे फोटो काढत जातो.

दरवाजे आहेतही देखणे, नाही असं नाही. बावन्न दरवाज्यांचं शहर म्हणतात. आज त्यातले थोडेच उभे आहेत. महमूद दरवाज्यातून खाम नदीच्या पुलावर येताना रिक्षा, दुचाक्या आणि आमचा तांडा एकाच कमानीत अडकला. मग घाटी दवाखान्याच्या बाजूनं भडकल दरवाजा. हा मलिक अंबरनं १६१२ मध्ये मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधला, शहरातला सगळ्यात थोराड. जवळच बाबासाहेबांचा पुतळा आहे, आणि चौदा एप्रिलला इथं मुंगीला जागा नसते. गाईडनं दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या ते मला आवडलं. एक दरवाजा एकाच काळाचा नसतो, हे तिला कळलेलं दिसलं. मात्र दरवाजांवर एकूण वेळ फार गेला. मोबाइलवाल्यांना कमानीत एकेकट्याचे फोटो हवे, मग बायकोसोबत, मग ग्रुपचा. त्यातच घड्याळ आठच्या पुढं गेलं.

जामा मशिदीत बाहेरूनच का होईना, नीट उभं करून दाखवलं. हीसुद्धा मलिक अंबरची, १६१२ मधली. औरंगजेबानं पुढं वाढवली. उंच मिनार वगैरे भपका नाही. पाच ओळींत पन्नास खांब आणि वर कमानींची साखळी, बुटकी आणि ऐसपैस. मी खरं सांगतो, बीबी का मकबऱ्यापेक्षा मला ही जास्त भावली. मकबरा बघताना माणूस सारखी ताजमहालाशी तुलना करत राहतो आणि बिचाऱ्या मकबऱ्याचं काही बघतच नाही.

किलेअर्कात सरकारी चित्रकला महाविद्यालय आहे. औरंगजेबाच्या काळातला हा कोट, त्याच्या पडक्या भिंतींच्या आवारात पोरं कागद घेऊन बसतात. रविवार असूनही चार-पाच जण रेखाटनं करत होते. एका मुलाच्या वहीत समोरची कमान नव्हतीच. कमानीखाली ज्वारीच्या पेंढ्या लादून उभी असलेली हातगाडी होती. माझी पोरगी त्याच्याशी बोलत थांबली, तो जिंतूर तालुक्यातला निघाला, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातला. त्याला म्हटलं, कमान का नाही काढत? म्हणाला, 'काका, कमान उद्या पण असंल.' गाईडनं हा थांबा ठेवलेला नव्हता, आम्ही दम खायला थांबलो होतो म्हणून झालं. ठरवून ठेवावा अशी माझी त्यांना विनंती आहे.

आता शायरांबद्दल. सिटी चौकाच्या अलीकडे एका बंद दुकानाच्या फळीवर आम्हाला बसवून तिनं वली दखनीची गोष्ट सांगितली, आणि सगळ्या सकाळीत मला सगळ्यात जास्त आवडलेली ती दहा मिनिटं. वली १७०० च्या सुमाराला इथून दिल्लीला गेला. तिथले कवी तेव्हा फारसीत लिहीत. बोलायच्या भाषेत गझल होऊ शकते हे त्यांनी वलीकडून ऐकलं आणि तिकडचा वाराच फिरला. म्हणजे दिल्लीच्या उर्दू शायरीला वळण लावणारा माणूस आपल्या गल्लीतला. मग अठराव्या शतकातला सिराज औरंगाबादी, त्याची फकिरी, तरुणपणी शायरी सोडून देणं. मुलीचं पाठांतर चांगलं आहे आणि उच्चारही स्वच्छ.

पण इथंच माझी पहिली मोठी तक्रार. त्याच शतकात, त्याच शहरात मराठी कवी अमृतराय होते. मध्वमुनीश्वरांचे शिष्य, कटावांसाठी, म्हणजे पळत्या लयीच्या पद्यांसाठी, महाराष्ट्रभर गाजलेले, शिवाय हिंदुस्थानीतही रचना केलेल्या. एकीकडे सिराजची गझल, दुसरीकडे अमृतरायांचा कटाव, मधे फार तर चार गल्ल्या. दोघांचं एकमेकांच्या कानावर पडत असेल की नाही देव जाणे, पण वॉकमध्ये दोघं शेजारी यायला हवेत. मी विचारलं तेव्हा गाईड म्हणाली, 'काका, ते आमच्या रूटमध्ये नाहीत.' रूटमध्ये नाहीत म्हणजे काय? शहरात तर आहेत. आमच्या लहानपणी परभणीत कीर्तनकार बुवा कटाव म्हणायला लागले की टाळकऱ्यांची धांदल उडायची, इतकी ती लय पळती. एक कडवं जरी ऐकवलं असतं तरी त्या फळीवर बसलेली पोरं जागी झाली असती.

नाश्त्याचं थोडक्यात. पॅकेजमध्ये चहा आणि एक पदार्थ आहे. मांसाहारींना नान-खलिया, बाकीच्यांना कचोरी. नान इथं पिवळसर, चकाकता, ताटाएवढा असतो, तंदूरमधून काढला की लगेच खायचा. खलिया म्हणजे मटणाचा पातळ, तिखट रस्सा. तुघलकाच्या फौजेबरोबर हा पदार्थ आला असं इथं सगळेच सांगतात. मी माळकरी घरातला, कचोरी खाल्ली, बरी होती. पोरगीनं नान-खलिया खाल्ला आणि 'पप्पा, आईला सांगू नका' म्हणाली. इथं लिहिलंय, आईनं वाचलं तर तिचं ती बघेल.

नऊ वाजून गेले होते. आता विणकरांकडे नेतील असं वाटलं, तर आधी एका शोरूममध्ये नेलं. एसी लावलेला, पाणी दिलं, खुर्च्या दिल्या. विक्रेत्यानं पटापट शाली उलगडल्या. 'हिमरू आहे सर, प्युअर हॅण्डमेड.' हिमरू म्हणजे इथलं सुती-रेशमी नक्षीदार हातमागाचं कापड. कैऱ्या होत्या, वेलबुट्टी होती, अजिंठ्याची कमळं होती. ९०० रुपयांपासून. सवयीनं मी शाल उलटी केली आणि दोन बोटांत चोळली. सुरतेचा माल मी रोज विकतो, त्याची मला कुणी ओळख करून द्यायला नको. पॉलिस्टर, पॉवरलूमवरचं, मागचे धागे मशीननं कातरून टाकलेले, अंगाला लागले तर टोचतील असे खुंट राहिलेले. वाईट माल नव्हता, त्या भावात ठीकच होता. माझ्याही दुकानात तसला असतो. पण मी त्याला हातमागाचा म्हणून विकत नाही. आमच्या ग्रुपमधल्या पुण्याच्या एका जोडप्यानं तीन घेतल्या. मी गप्प बसलो. दुसऱ्याच्या दुकानात उभं राहून त्याचं गिऱ्हाईक मोडू नये, हे आमच्या धंद्यात पाळतात. पण पंचवीस मिनिटं तिथं गेली आणि ती चारशे रुपयांतली होती, हे मात्र बोलणारच.

नंतर एकदाचे नवाबपुऱ्यात, जाफर दरवाज्याच्या बाजूला एका घरात गेलो. घर म्हणजे पुढं बैठक, मागं अंगण, अंगणाच्या कडेला पत्र्याखाली माग. खड्ड्याचा माग: विणणारा जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खाली खड्ड्यात, पायांनी पावड्या दाबायच्या, हातानं धोटा फेकायचा, फणी ठोकायची. वर जॅकार्ड, म्हणजे नक्षीप्रमाणे धागे उचलणारं यंत्र, त्यात भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ. चाचा साठीच्या पुढचे. बसायची फळी मधे इतकी झिजलेली की तिला चांगला खोलगट आकार आलाय. मागावर अर्धी झालेली शाल होती, काळ्यावर डाळिंबी रंगाचे बुट्टे. चाचा सरळ बाजू दाखवायला उठले नाहीत. मला म्हणाले, 'सेठ, पल्टाके देखो ना. सीधा तो सब्बीच दिखाते.'

खालून वाकून बघितलं. बुट्ट्याचा रंगीत आडवा धागा जिथं नक्षीला लागतो तिथं वर येतो, आणि मधल्या मोकळ्या जागेत मागच्या बाजूनं सैल धावत पुढच्या बुट्ट्याकडे जातो. असे शेकडो धागे मागं पसरलेले, कातरलेले नाहीत, ओढूनही बसवलेले नाहीत. त्यांचाच अस्तरासारखा थर होतो. तळवा ठेवला की हिमरू मऊ आणि किंचित गुबगुबीत का लागतं ते लगेच कळतं. उभा ताणा सुती, आडवा बाणा रेशमी. किनखापाला सोन्या-चांदीची जर लागायची, हे त्याच्यापेक्षा स्वस्तात त्याच थाटाचं. पैठणीचं याच्या अगदी उलट. हातमागाच्या पैठणीचा पदर पालथा केला तरी मोर दोन्हीकडून सारखाच दिसतो, कारण तिथं प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या हद्दीत फिरून शेजारच्याला अडकवून परत येतो, मागं काही लोंबत नाही. पन्नासेक किलोमीटरच्या आत, पैठणला आणि इथं, विणायच्या या दोन पार वेगळ्या रीती जगल्या. पैठणी मी आयुष्यभर विकली. हिमरू असं मागावर कधी बघितलं नव्हतं.

चाचांना विचारायचं पुष्कळ होतं. मुहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली तेव्हा विणकर आले आणि राजधानी परत गेली तरी राहिले, ही गोष्ट त्यांच्याही घरात सांगतात. हैदराबाद संस्थान होतं तोवर शेरवानीच्या कापडाला बरकत होती. आमच्या आजोबांच्या काळातल्या परभणीच्या वकिलांचे फोटो बघा, निम्मे शेरवानीत आहेत. १९४८ ला संस्थान गेलं, शेरवानी गेली, हिमरू शालीवर आणि स्टोलवर आलं. मुलगा काय करतो विचारलं तर वाळूजला कंपनीत आहे म्हणाले. रेशीम आता कुठून येतं, सूत कोण रंगवून देतं, पुठ्ठे नवीन कोण पाडतं, यातलं पहिलंच विचारून झालं तेवढ्यात गाईडनं टाळी वाजवली. 'चला, ग्रुप फोटो.' माग बघायला मिळाला तो जेमतेम पंधरा मिनिटं, त्यातही जागा एवढीशी की एका वेळी पाच-सहाच माणसं आत.

यात गाईडची चूक मी धरत नाही. घोळ वेळापत्रकाचा आहे. दरवाज्यांना सकाळचं कोवळं ऊन हवं म्हणून वॉक साडेसहाला. विणकर मागावर बसतो साडेनऊ-दहाला, न्याहारी करून. म्हणून माग शेवटी जातो, तोवर लोक थकलेले, पोरांना घरी जायचं, आणि मधे शोरूम घुसतं. कारागीर दाखवायचेत तर कारागिराच्या वेळेनं निघा. आठला सुरू करा, दोन दरवाजे गाळा, शोरूम तर गाळाच, आणि मागाजवळ तासभर द्या, दोन तुकड्या करून. चाचांना त्यातले काही पैसे मिळतात का, हे मी गाईडला बाजूला घेऊन विचारलं. 'देतो ना काका, ठरलेलं असतं' म्हणाली. किती ते तिनं सांगितलं नाही, मीही जास्त खोदलं नाही. पण तिकिटावर ते छापलेलं असावं असं मला वाटतं. शोरूमचं कमिशन कुणाला, तेही छापा हवं तर.

फोटो झाल्यावर ग्रुप पांगला. मी आणि पोरगी परत आत गेलो. एक स्टोल घेतला, ३,२०० रुपयांना, घासाघीस न करता. माझ्या हयातीत हे पहिल्यांदा झालं असं पोरगी म्हणते. नंतर तासभर बसलो. पुठ्ठे घरीच पाडतात हे तेव्हा कळलं. आलेखाच्या कागदावर नक्षी काढून चौकोनामागं एक भोक, आणि एक भोक चुकलं तर सबंध शालभर ती चूक ओळीनं येत जाते. चाचींनी चहा दिला. मालाचंही बोलणं झालं: लग्नसराईत नवरदेवाच्या शेल्यासाठी हिमरूचे दोन तागे आधी पाठवून बघतो, असं चाचा म्हणाले. परभणीत चाललं तर पुढचं बघू.

जाणाऱ्यांसाठी: बूट घाला, चपला नको; गल्ल्यांत पाणी सांडलेलं असतं. शुक्रवारी बरेच माग बंद असतात, त्या दिवशीचं बुकिंग घेऊ नका. हिवाळा बरा, उन्हाळ्यात नऊनंतर जीव जातो आणि पाणचक्कीला पाणी असेलच याची खात्री नाही. स्वच्छतागृह एकच, टाऊन हॉलच्या जवळ, ते आधीच उरकून घ्या. शोरूममध्ये काही आवडलं तर जरूर घ्या, पण उलटं करून बघा आणि पॉलिस्टरच्या भावातच घ्या. बुकिंग करतानाच सांगा की आम्हाला मागावर जास्त वेळ हवाय. दोन-तीन जणांनी सांगितलं तर ते बदलतील, मंडळी ऐकणारी आहेत. पाचपैकी साडेतीन. अमृतराय रूटमध्ये घेतले तर चार.